करंट येत नाही, सीडीआय बदलू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: सीडीआय, म्हणजे प्लगला करंट (ठिणगी) देणारा इलेक्ट्रॉनिक डबा, नका बदलू. निदान आज तरी नको.

पावसाळा सरला की हा प्रश्न मला हमखास येतो. दसऱ्याच्या आसपास मुरबाड, शहापूर, कर्जतकडच्या फार्महाऊसवाल्यांना आपली एटीव्ही, म्हणजे मातीत पळवायची चार जाड चाकांची गाडी, आठवते. चार महिने ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी बाहेर निघते, सेल्फ मारला जातो, इंजिन फिरत राहतं आणि पेटत काही नाही. मग फोन. "काका, सेल्फ मस्त फिरतोय, प्लग नवा टाकला, बॅटरी नवी टाकली, पण करंटच येत नाही. सीडीआय गेला असणार ना?" त्या शेवटच्या 'ना'मध्ये निर्णय झालेला असतो, माझ्याकडून फक्त सही हवी असते.

माझी शेड घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या आतल्या बाजूला. त्याआधी २२ वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो. तिथे मशीन बंद पडलं की कोणी मोटर उघडायला धावत नसे. आधी बघायचं, इमर्जन्सीचं लाल बटण कोणी दाबून ठेवलंय का. दहातल्या निदान दोन वेळा तेच निघायचं, आणि दाबणारा आमच्याबरोबर उभा राहून मशीनकडे चिंतेनं बघत असायचा. एटीव्हीकडे मी त्याच सवयीनं बघतो. या गाडीवर तर तशी लाल बटणं तीन-तीन असतात. हँडलवरचा किल स्विच, चावीचा स्विच, आणि मुलांच्या गाडीला मागे लावलेली, ओढली की इंजिन बंद करणारी दोरी. काहींना रिमोटनं बंद करायची डबी, म्हणजे चौथं.

आधी बॅटरीचं बोलू, कारण पहिले पैसे तिथेच जातात. ११० किंवा १२५ सीसीच्या ज्या छोट्या चायनीज बनावटीच्या एटीव्ही आपल्याकडे दिसतात, त्यातल्या बहुतेकांत एसी सीडीआय असतो. तो बॅटरीकडून काही घेत नाही. मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या चुंबकी चाकाच्या, आत एक्सायटर नावाची वेगळी कॉइल असते, इंजिन फिरलं की ती स्वतःची वीज काढते आणि सीडीआयमधला कपॅसिटर भरते. ठिणगीची वेळ सांगणाऱ्या पल्सर कॉइलचा इशारा आला की तो कपॅसिटर व्होल्टेज वाढवणाऱ्या एचटी कॉइलमध्ये एका झटक्यात रिकामा होतो आणि प्लगवर हजारो व्होल्ट उडतात. संडासातल्या फ्लशच्या टाकीसारखंच आहे हे, उपमा जरा घाण आहे पण चूक नाही. बॅटरीचा संबंध येतो तो एवढाच, की ती उतरलेली असली तर सेल्फ रेंगाळत फिरतो, एक्सायटर कमी व्होल्ट देते आणि स्पार्क मरगळतो. तुमचा सेल्फ मस्त फिरतोय म्हणताय, तर बॅटरीला सोडा.

गेल्या वर्षीची एक लाल गाडी सांगतो. बदलापूरकडून छोट्या हत्तीत घालून आणलेली. बहुतेक एटीव्हींना रस्त्यावरचं पासिंग नसतं, त्यामुळे त्या माझ्याकडे अशाच, कुणाच्या तरी पाठीवरून येतात. बरोबर वडील आणि बारा-तेरा वर्षांचा मुलगा. वडिलांच्या हातात कापडी पिशवी. त्यांनी ती माझ्या बाकावर उलटी केली: दोन सीडीआय, एक एचटी कॉइल, तीन प्लग. "सगळं बदलून झालं," ते म्हणाले. त्या आवाजात साडेचार हजार रुपये ऐकू येत होते.

गाडी सावलीत घेतली, कारण उन्हात स्पार्क असला तरी दिसत नाही. नवा प्लग कॅपमध्ये घातला आणि त्याची लोखंडी बाजू इंजिनच्या उघड्या धातूला टेकवून ठेवली, प्लगच्या भोकापासून लांब. त्या भोकातून पेट्रोलची वाफ येते, तिथे ठिणगी पाडायची म्हणजे आपणहून भडका मागायचा. प्लग हातात धरून सेल्फ मारायला लावणारे महाभाग मी पाहिलेत. सीडीआयचा झटका एकदा खाल्ला की पुन्हा धरत नाहीत. सेल्फ मारला. काही नाही, अंधार.

मग सीडीआयचा सॉकेट. पाच वायरी: काळी-लाल एक्सायटरची, निळी-पांढरी पल्सरची, काळी-पिवळी एचटी कॉइलकडे जाणारी, हिरवी अर्थिंगची आणि पाचवी काळी-पांढरी. रंग थोडे इकडेतिकडे होतात, पण ही पाचवी ओळखून ठेवा. ती किलची वायर. कोणतंही बंद करायचं बटण दाबलं की ती अर्थ होते आणि स्पार्क मरतो. म्हणजे तिला काहीही न करता सोडून दिलं तर गाडी चालू राहायला हवी. घड्याळाच्या बारीक स्क्रू ड्रायव्हरनं मी तेवढी एक पिन सॉकेटमधून मागे काढली, टेप लावून बाजूला केली आणि मुलाला म्हटलं, "मार."

टक, टक, टक. निळा, कोरडा, आवाजासकट.

वडील प्लगकडे बघत होते, मग पिशवीकडे, मग परत प्लगकडे. मी हँडलच्या डाव्या स्विचचे दोन स्क्रू काढले. झाकण उचलताच तपकिरी पाण्याचा एक थेंब माझ्या अंगठ्यावर पडला. आत पितळी पट्टीवर जुन्या तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा थर, आणि तो थर पट्टीवरून पलीकडच्या टोकापर्यंत पसरलेला. स्विच 'चालू'वर असूनही आतून गाडीला बंदच करत होता. पावसाला शिव्या देणार एवढ्यात मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, मी त्या दिवशी प्रेशरचा पाइप मारला होता ना गाडीवर?"

ती काळी-पांढरी वायर काढून ठेवून गाडी तशीच पळवायची, असं मात्र करू नका. तेवढी एक वायर काढली की गाडी चावीनं बंद होत नाही. तपासतानासुद्धा पेट्रोलचा कॉक हाताशी ठेवा. फार्महाऊसवर भाड्यानं फिरवायच्या गाड्यांत ही वायर मुद्दाम कापलेली मला बऱ्याचदा सापडते, कारण दोरीचा स्विच सारखा निघतो आणि गिऱ्हाईक ओरडतं. गाडी उलटली आणि थ्रॉटल अडकला, तर वर बसलेल्या पोराला वाचवायला तेवढी एक दोरीच असते. मी अशी गाडी दोरी परत जोडल्याशिवाय देत नाही, मालक कितीही तोंड वाकडं करो.

किलची वायर काढूनही अंधार असेल, तर मल्टिमीटर काढा. हिरव्या वायरीपासून इंजिनच्या धातूपर्यंत ओहम जवळजवळ शून्य हवा. इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. एकानं हौसेनं चासीला पावडर कोटिंग करून घेतलं, सुंदर काळं, चकचकीत. जोडणी केल्यापासून स्पार्क गायब. एचटी कॉइल जिथे बोल्टनं बसते तिथे रंगाचा जाड थर होता, आणि त्याच्या कॉइलला वेगळी अर्थिंगची वायर नव्हती, ती बोल्टमधूनच अर्थ होत होती. नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरनं घासली, काम झालं. त्याला घासलेला रंग बघून जास्त दुःख झालं.

अर्थिंग ठीक असेल तर मीटर एसी व्होल्टवर लावून सॉकेटमध्येच, सेल्फ मारत बघा. काळी-लाल ते हिरवी, साधारण ४० व्होल्टच्या वर दिसायला हवेत. पल्सरवर अगदी थोडे, एक व्होल्टच्याही आत, पण काटा हलला पाहिजे. पल्सरचा ओहम साधारण १०० ते २०० च्या घरात येतो. एक्सायटरचा गाडीगणिक बदलतो, तेव्हा तिथे मी आकड्यापेक्षा वायर तुटलीय की नाही एवढंच बघतो. आणि वाचन सॉकेटवर नाही मिळालं, तर मॅग्नेट उघडण्याआधी तीच वायर इंजिनमधून बाहेर येते तिथे मोजा. मधल्या दोन फुटांत उंदीर राहतात. ठाण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी ठेवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

प्लगच्या कॅपचं एका वाक्यात: ती स्क्रूसारखी फिरवून निघते, वायरीचं काळं पडलेलं टोक अर्धा सेंटीमीटर कापा आणि परत फिरवून बसवा, कितीतरी एचटी कॉइल एवढ्यावर कचऱ्यात जायच्या वाचतात.

थंड असताना चालू होते, वीस मिनिटांनी मरते आणि अर्ध्या तासानं परत चालू होते, असं असेल तर वरचे सगळे आकडे तुम्हाला फसवतील. तापल्यावर कॉइलच्या आतली तार सुटते आणि गार झाली की परत टेकते, त्यामुळे मीटर सकाळी सगळं छान दाखवतो. अशी गाडी मेल्या क्षणी, हात भाजत असताना तपासायची. स्पार्क येतोय असं दिसलं, तर पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून बघा. त्याचं हवेचं बारीक छिद्र बुजलं तरी गाडी हुबेहूब अशीच मरते.

मोठ्या गाड्यांत, विशेषतः फ्यूएल इंजेक्शनवाल्यांत, आणि बॅटरीवर चालणारा डीसी सीडीआय असलेल्यांत हिशेब उलटा असतो. तिथे चावी चालू केल्यावर मॉड्यूलपर्यंत १२ व्होल्ट पोचायलाच हवेत, म्हणून आधी बॅटरी आणि फ्यूज. त्यांना काळ्या-पांढऱ्या वायरीची युक्ती लावत बसू नका.

हे सगळं बरोबर निघालं आणि तरी अंधार असेल, तर आता सीडीआयवर संशय घ्या. त्याला शेवटी ठेवायचं कारण साधं आहे, तो मीटरनं नीट तपासता येत नाही. आतली सर्किट राळेत ओतून बंद केलेली असते. त्याची एकच खात्रीची परीक्षा: त्याच जातीच्या चालू गाडीतला सीडीआय काढून लावून बघणं. नवा आणलेला डबा ही परीक्षा नाही, कारण स्वस्तातले नवे डबेसुद्धा मेलेले निघतात. त्या बदलापूरच्या पिशवीतले दोन्ही मी नंतर त्यांच्याच चालू झालेल्या गाडीला लावून पाहिले. एकावर गाडी चालली, दुसऱ्यावर नाही.

चालणारा त्यांनी मलाच ठेवायला दिला. खिळ्याला टांगलाय, वर मार्करनं 'चांगला' लिहिलंय. तुमची गाडी इकडे आणाल तेव्हा लावून बघू, पण आधी हँडलचा स्विच उघडणार.