तुम्ही विचारलंत म्हणून: विजेच्या गोष्टीत मजुरी कशाला?

आमच्या रविवारच्या बैठकीला बेळगाव-खानापूरकडची पंधरा-वीस वाचणारी माणसं जमतात. विषय उद्याच्या ऊर्जेचा असतो: सूर्य, वारा, अणू, हायड्रोजन. आणि दर खेपेला कुणीतरी मला विचारतंच, "सर, तुम्ही आयुष्यभर फिजिक्स शिकवलं. मग विजेवर बोलता बोलता जमिनीवर आणि मजुरीवर का येता?"

सांगतो. माझ्या शेजाऱ्याचा मलप्रभेच्या काठाला दीड एकर ऊस आहे. शेताची थ्री फेज, म्हणजे पंपाला लागणारी वीज, पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. गेल्या फेब्रुवारीत त्याच्या रात्रपाळीला मी सोबत गेलो. दोनला करंट आला. त्यानं स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं, मोटर घुमायला लागली, आणि हा बॅटरी दातांत धरून खोऱ्यानं दारं मोडत, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवत, निघाला. पाय घोट्यापर्यंत चिखलात. ऊसाच्या पाल्यात जरा सळसळलं की थांबायचा, खोऱ्याचा दांडा दोनदा जमिनीवर आपटायचा, मग पुढचं पाऊल. बांधावर बसून चहा घेताना म्हणाला, "करंट फुकट हाय सर, पर रात्र आमची जायलीया."

कर्नाटकात दहा हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपाला वीजबिल नाही, हे खरंच आहे. पण वीज रात्री का? सकाळ-संध्याकाळ घरं आणि कारखाने वीज ओढतात. कोळशाची भट्टी मात्र रात्री विझवता येत नाही. मग रात्री उरलेली वीज शेताकडे वळवायची. ही सोय यंत्राची, जागरण माणसाचं. सूर्य हे गणित उलटवतो. आता दुपारीच वीज भरपूर होते. केंद्राच्या २०१९ च्या पीएम-कुसुम योजनेत सबस्टेशनजवळ सौर पॅनेल लावून शेतीचा फीडर, म्हणजे पंपांना वीज नेणारी लाईन, दिवसा चालवण्याची तरतूद आहे. यंत्राची सोय आणि शेजाऱ्याची झोप इतक्या वर्षांत प्रथमच एका बाजूला आली आहे. सौर ऊर्जेचं मला सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं ते याचं.

म्हणून तर पुढचं विचारावं लागतं. पॅनेल कुणाच्या जमिनीवर? तुमकूर जिल्ह्यात पावगडचं सौर पार्क २,०५० मेगावॅटचं, सुमारे १३,००० एकरांवर पसरलेलं. तिथे जमीन विकत न घेता भाड्यानं घेतली, सुरुवातीला एकरी वर्षाला २१,००० रुपये. दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याला हा मोठाच आधार, आणि ही पद्धत मला आवडते. पण ज्यांच्या नावावर गुंठाही नव्हता, भुईमुगाच्या भांगलणीवर ज्यांची चूल पेटायची, त्यांना कुठलं भाडं? शेळ्या चारायचं रान कुंपणात गेलं ते वेगळंच. आमच्याकडे पॅनेलसाठी गायरानाचं नाव निघालं, की म्हणून मी आधी विचारतो, तिथे रोज कोण जातं?

सौंदत्तीकडच्या पवनचक्क्या पावसाळ्यात जोर धरतात, नेमका सूर्य झाकलेला असतो तेव्हा. ही जोडी चांगली आहे. साखर कारखान्यांच्या चिपाडाची वीज मिळते, पण गळीत हंगामापुरती, आणि त्या विजेमागे ऊसाला लागणारं पाणी आहे. अवघड राहते ती संध्याकाळ: सूर्य मावळल्यावर सगळ्यांचे दिवे लागतात त्या तीन-चार तासांसाठी वीज साठवायची कुठे?

एक गोष्ट मात्र मला फार टोचते. असल्या योजनांचे कागद इथे कन्नडमध्ये येतात, आणि आमच्या गावातल्या मराठी शाळेत शिकलेल्या म्हाताऱ्यांना ते वाचता येत नाहीत. शेजारची मावशी थकबाकीची नोटीस पदरात गुंडाळून आणते आणि म्हणते, "सर, वाचून दाखवा की." मी वाचतो, उत्तर लिहून देतो. पण योजना कितीही चांगली असली, तरी हिच्यापर्यंत ती माझ्याच तोंडून पोचायची, हे बरोबर नाही.

येत्या रविवारी साठवणुकीवर बोलायचं आहे. शेजाऱ्यालाही बोलावलंय. या आठवड्यात त्याची पाळी दिवसाची आहे. चारला करंट गेला की हातपाय धुऊन येतो म्हणाला.