जाळीतून निसटलेलं टेकाड

काम साधं होतं. एका मोठ्या ऑफिस-इमारतीपुढच्या फरसबंद चौकात पाऊस पडला की पाणी गटाराच्या जाळीकडे जायचं सोडून दाराशी तुंबायचं. लेव्हल, म्हणजे फरशीच्या जागोजागच्या उंच्या, घेऊन ढाळ कुठे बिघडलाय ते शोधायचं. जोडीला एक फुटकळ काम : स्केटबोर्डवाल्यांनी ग्रॅनाइटच्या कठड्यांवरून घसरू नये म्हणून तिथे धातूची बटणं बसणार होती, त्यांच्या जागा आखून द्यायच्या.

पाच-पाच मीटरवर आडव्या-उभ्या रेघांची जाळी आखली आणि सकाळच्या दोन तासांत तिच्या सगळ्या बिंदूंची उंची घेतली. कागदावर ढाळ शंभरास एक, म्हणजे मीटरमागे दहा मिलिमीटर. जिथल्या तिथे. दाराशी मात्र वाळलेल्या गाळाचे थर होते, आणि गाळ खोटं बोलत नाही.

कठड्यापाशी एक मुलगी स्केटबोर्डवर बसून कागदावर शिसं घासत होती. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून आपण घासतो ना, तसं. (मॅक्स अर्न्स्ट या चित्रकाराने १९२५ मध्ये लाकडी जमिनीवर कागद ठेवून अशीच चित्रं काढायला सुरुवात केली, हे मला तिच्याकडूनच कळलं.) कागदावर कठड्याची कड उमटत होती : बोर्डाखाली चाकं धरणाऱ्या धातूच्या आसाने, म्हणजे ट्रकने, पाडलेले चरे, आणि मेण चोळून गुळगुळीत झालेला हातभर भाग.

"झिजलाय बघा, काका. नदीकाठच्या दगडासारखा."

मी नुसता हुंकार भरला. बटणांचं काम माझ्याकडेच आहे हे सांगायचं धाडस होईना.

तिच्या वहीत त्या चौकाचा नकाशा होता. माझ्या नकाशापेक्षा बरा, असं आता म्हणतो. पायऱ्यांच्या जागी 'कडा', दोन बाकांमध्ये 'खिंड', गटाराच्या जाळीपाशी 'डोह'.

"अगं, यात इमारत कुठंय?"

"ती कशाला? तिच्यावरून जाता येत नाही."

झाडाच्या आळ्यापासून निघालेली एक लांबट रेघ होती, तिच्यावर लिहिलं होतं 'टेकाड'. मी म्हटलं, इथे टेकाड-बिकाड काही नाही, आत्ताच लेव्हल घेतल्यात. ती वाद घालत बसली नाही. उठली, त्या रेघेच्या अलीकडे बोर्ड ठेवला आणि हात काढून घेतला. बोर्ड क्षणभर थांबला आणि निघाला. दाराकडे. पाणी जायचं तिकडेच.

मी दोनदा उचलून ठेवला, दोन्ही वेळा दाराकडेच गेला.

"चाकं कडक आहेत, १०१ए," तिने कडकपणाचा आकडा सांगितला. "मऊ चाकं सगळं गिळतात. यांच्यावर फरशीचा प्रत्येक सांधा तळपायाला कळतो."

मोजपट्टी धरणाऱ्या स्टाफवाल्याला हाक मारली. या वेळी अर्ध्या मीटरवर बिंदू. दोन ओळींच्या मधोमध, माझ्या जाळीतून अलगद निसटून, ३२ मिलिमीटरचा उंचवटा चौकातून आडवा गेला होता. फरशा इतक्या हळूहळू उचलल्या होत्या की डोळ्याला पत्ताच नव्हता. खाली झाडाचं मूळ. मुळाने एक छोटा जलविभाजक उभा केला होता, आणि त्याच्या अलीकडचं पाणी मुकाट्याने दाराकडे वळत होतं. डोंगरात हेच झालं असतं तर मी पहिल्या नजरेत ओळखलं असतं. फरशी दिसली की आपण जमीन बघायचं सोडतो, हा आमच्या धंद्याचा रोगच आहे.

ती सांगत होती, १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियात लाटा नसल्या की सर्फिंगवाली मुलं फळीला चाकं लावून रस्त्यावर उतरायची. पुढे १९७६-७७च्या दुष्काळात तिथले पोहण्याचे तलाव कोरडे पडले, तर त्यांच्या गोलाईदार भिंतींवर लाटेसारखीच चढायला लागली. मी ऐकत होतो आणि लेव्हल-बुकात आकडे लिहीत होतो. शेऱ्याच्या रकान्यात 'स्थानिक उंचवटा' लिहायचं, तिथे 'टेकाड' लिहून बसलो. खोडलं नाही. मूळ तोडू नये, अलीकडे एक आडवी चर काढून पाणी गटाराच्या जाळीकडे न्यावं, असंही सुचवलं.

मग बटणं उरली. आता बोलणं भागच होतं. टेप सोडून मी कठड्यावर खडूने खुणा करायला लागलो. तीन खुणा होईपर्यंत ती बघत राहिली.

"पहिलं इथे बसणार?"

"हो."

"कधी?"

"पुढच्या आठवड्यात."

तिने पिशवीतून कागदाची नवी गुंडाळी काढली, एक टोक पहिल्या खुणेवर धरलं आणि म्हणाली, "काका, दुसरं टोक धरता?"

मी धरलं. तिने शिसं आडवं केलं आणि घासायला घेतलं.