वाय-फाय तेवढं नंतर बघू

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार आणि लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, तेव्हा लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बसवून द्या, अशी कामं २०२५ मध्ये एकामागून एक आली. त्यातलं एक अजून डोक्यातून जात नाही. एका निवृत्त शिक्षिकेचा घरचा लॅपटॉप होता. ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क. वापर म्हणजे ब्राउझर, मेल, पत्रं टाइप करणं आणि व्हिडिओ कॉल.

आधी बॅकअप घेतला, जुनी डिस्क काढून साटा एसएसडी बसवली. इतक्या जुन्या यंत्राला एसएसडीने जो फरक पडतो तो कुठल्याही डिस्ट्रोने (लिनक्सच्या तयार रूपाने) पडत नाही. आधी हे करा, मग नावांवर वाद घाला. नंतर पेन ड्राइव्हवरून फेडोरा ४२ ही डिस्ट्रो लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघितली. स्क्रीन, आवाज, कॅमेरा, टचपॅड, झाकण मिटून परत उघडणं, सगळं ठीक. फक्त वाय-फाय दिसेना. केबल लावलेलीच होती. ‘वाय-फाय तेवढं नंतर बघू’ म्हटलं आणि इन्स्टॉल करून टाकलं. तो मे महिना होता.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. लाइव्हमध्ये टर्मिनल उघडून ‘एलएसपीसीआय’ या कमांडला ‘के’ जोडून चालवलं की प्रत्येक कार्डाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ येते. या वाय-फाय कार्डाखाली ती ओळ नव्हतीच. म्हणजे या चिपचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) कर्नलमध्ये, लिनक्सच्या गाभ्यात, नाही, तो बाहेरून आणावा लागणार. डिस्ट्रोंच्या तुलना करणारे लेख आयकॉन आणि वॉलपेपर दाखवतात. ही एक ओळ बघायला कुणी सांगत नाही.

फेडोरा घेण्यामागे कारणं होती. तिचा डेस्कटॉप, ग्नोम, सुटसुटीत आहे. झेडरॅम मुळातच चालू असतं, म्हणजे रॅम भरत आली की मजकूर डिस्कवर जाण्याऐवजी रॅममध्येच दाबून ठेवला जातो. ४ जीबीत ब्राउझर चालवायचा तर हे फार उपयोगी. शिवाय आमच्या कामात एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं: कर्नल जितका नवा तितकं हार्डवेअर जास्त चालतं. नुकत्याच बाजारात आलेल्या लॅपटॉपसाठी ते खरं आहे. बाहेरच्या ड्रायव्हरवर जगणाऱ्या जुन्या यंत्रासाठी बरोबर उलटं.

ड्रायव्हरचा सोर्स कोड इंटरनेटवरून उतरवला आणि डीकेएमएस या साधनाकडे नोंदवला. नवा कर्नल आला की डीकेएमएस तो कोड त्या कर्नलसाठी पुन्हा कंपाइल करतं, म्हणजे चालवण्याजोगा बनवतं. वाय-फाय लागलं, यंत्र घरी गेलं.

जुलैच्या शेवटी त्या शिक्षिकेचा, काकूंचा, फोन आला. “अरे, मागच्या महिन्यात चालत होतं, आता वाय-फायचं चिन्हच गेलंय.” अशा वेळी नेहमीचा उपाय म्हणजे सुरू होताना ग्रबच्या (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूतून जुना कर्नल निवडणं. फेडोरात एकटीच सिस्टिम असेल तर तो मेनू लपलेला असतो, चालू होताना एस्केप दाबून आणावा लागतो. आणला, पण ज्यावर वाय-फाय चालत होतं तो कर्नल ६.१४ त्यात नव्हता. फेडोरा एका वेळी तीनच कर्नल ठेवते. काकूंच्या मुलाने दुरुस्तीच्या आशेने फोनचं इंटरनेट यूएसबीने जोडून दर आठवड्याला अपडेट केलं होतं. प्रत्येक अपडेटने एक नवा ६.१५ आत आला आणि सर्वांत जुना बाहेर गेला. ‘आधी अपडेट करून बघा’ हा सल्ला आम्हीच लोकांना इतका पाठ करून दिलाय की त्याला दोष देणार नाही.

डीकेएमएसच्या मेक लॉगमध्ये, म्हणजे कंपाइलच्या नोंदीत, कारण स्वच्छ लिहिलेलं होतं. ड्रायव्हर ‘डेल टायमर सिंक’ हे फंक्शन वापरत होता आणि ६.१५ मध्ये ते जुनं नाव काढून टाकलंय. नवं नाव ‘टायमर डिलीट सिंक’. सगळ्या फाइलींत नाव बदललं, कंपाइल केलं, दहा मिनिटांत वाय-फाय चालू. सप्टेंबरात ६.१६ आला आणि ‘फ्रॉम टायमर’चं ‘टायमर कंटेनर ऑफ’ झालं. परत तोच फोन.

यात कर्नलवाल्यांची चूक नाही. नाव बदलणारा माणूस कर्नलच्या आतल्या सगळ्या ड्रायव्हरांत ते स्वतः बदलून देतो. बाहेर राहिलेल्या कोडला वाली नसतो. चिप बनवणाऱ्यांनी कोड एकदा बाहेर टाकला आणि पाठ फिरवली, याचा मला अजून राग आहे.

आता दुसऱ्या डिस्ट्रोची निवड कर्नलच्या हिशेबाने केली. मिंट २२ ला २०२९ पर्यंत आधार आहे, पण तिच्या पॉइंट आवृत्त्या (२२.१, २२.२ अशा मधल्या) कर्नल पुढे नेतात, २२.२ मध्ये ६.१४ आहे, म्हणजे पुढच्या एखाद्या उडीत हेच दुखणं. फ्रीबीएसडी या लिनक्सबाहेरच्या सिस्टिमचं नाव मुलाने काढलं होतं, पण तिच्यात या चिपचा ड्रायव्हरच नाही. डेबियन १३ नुकतीच, ९ ऑगस्टला आली होती. तिचा कर्नल ६.१२, आणि आपण होऊन बॅकपोर्ट (जुन्या आवृत्तीसाठी तयार केलेला नवा कर्नल) घेतला नाही तर आवृत्ती संपेपर्यंत ६.१२ च राहतो. त्यात सुरक्षेच्या आणि इतर दुरुस्त्या तेवढ्या येतात. तीन वर्षं पूर्ण आधार, वर दोन वर्षं एलटीएस, म्हणजे लांब मुदतीचा आधार. काकूंचा हात बसला होता म्हणून ग्नोमच ठेवलं आणि झेडरॅम हाताने बसवलं.

डेबियन चढवून झाली. पण पाच वर्षांनी पुन्हा हीच रड नको म्हणून एआर ९२७१ चिपचा छोटा यूएसबी डोंगलही लावला. फक्त २.४ गिगाहर्ट्झ, कागदावर १५० मेगाबिट, पण व्हिडिओ कॉलला पुरतो. याचा ड्रायव्हर कित्येक वर्षं कर्नलमध्ये आहे आणि फर्मवेअरसुद्धा (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) मुक्त आहे. बाहेरचा ड्रायव्हर मग काढूनच टाकला.

काकूंनी डोंगल हातात घेऊन विचारलं, “एवढ्याशा वस्तूने चालतं, तर आधीचं सगळं काढलंस कशाला?”

डोंगल असता तर फेडोराही चालली असती, हे खरंच आहे. मी म्हटलं, फेडोराची एक आवृत्ती साधारण तेरा महिनेच टिकते, दर वर्षी बदलायला घरी कुणीतरी लागतं. त्यांनी मान डोलावली. पण ते कारण मे महिन्यातही तेवढंच खरं होतं.