तुम्ही विचारलंत म्हणून : कमरेला कोणतं हत्यार ठेवावं?

"आप्पा, परवाना हातात आला. आता सांगा, कोणती घेऊ? लहान पाहिजे, शर्टाखाली दिसायला नको आणि वेळेला दगा द्यायला नको." रावेर-सावद्याकडचे केळीचे व्यापारी, जळगावचे सराफ, हायवेवरचे पेट्रोल पंपवाले, सगळे हेच विचारतात. माझी नोकरी वरणगावच्या आयुध निर्माणीत, काडतुसांच्या तपासणीत गेली. तिथे लष्कराची काडतुसं बनतात, तुमच्या कमरेच्या हत्याराची नाहीत. पण न उडालेलं काडतूस का उडालं नाही, हे शोधण्याची सवय त्याच कामातून लागली. म्हणून माझं उत्तर दर वेळी तेच असतं: .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) रिव्हॉल्व्हर घ्या, पिस्तुलाच्या मागे लागू नका, आणि हत्यारापेक्षा काडतुसाची काळजी जास्त करा.

तरुण पोरं मोबाइलवर व्हिडिओ बघून येतात आणि ग्लॉक या परदेशी पिस्तुलाचं नाव घेतात. ग्लॉक १९ हे उत्तम हत्यार आहे, पण ते ९ एमएमचं. आपल्याकडे ९ एमएम हा प्रतिबंधित बोअर, सामान्य परवानाधारकाला तो मिळत नाही. विषय तिथेच संपतो. जुन्या विलायती हत्यारांचंही तसंच. ऐंशीच्या दशकात सामान्यांसाठी आयात बंद झाली, तेव्हापासून जुन्या वेब्ली किंवा स्मिथ अँड वेसनचे भाव गगनाला भिडलेत. आजोबांकडून वारशाने आलं तर जरूर सांभाळा, पण नावापायी लाखो रुपये घालू नका. नव्वद वर्षांच्या स्प्रिंगवर मी माझ्या माणसाचा जीव टाकणार नाही.

आता रिव्हॉल्व्हरच का? काडतूस हा सगळ्यात कच्चा दुवा आहे. कितीही चांगल्या कारखान्यात, कितीही तपासलं तरी एखादी कॅप, म्हणजे बुडातली ठिणगी पाडणारी टोपी, फुसकी निघते. पिस्तुलात काडतूस उडालं नाही की स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून ते बाहेर काढायचं आणि दुसरं आत घ्यायचं. दोन्ही हात लागतात, शिवाय डोकं ठिकाणावर लागतं. रिव्हॉल्व्हरमध्ये चाप पुन्हा ओढला की सिलिंडर, म्हणजे काडतुसांची घरं असलेला गोल भाग, फिरतो आणि पुढचं काडतूस नळीसमोर येतं. घाबरलेल्या माणसाला एवढंच जमतं. सरावात मात्र असं करायचं नाही. काडतूस उडालं नाही तर नळी समोर धरून निदान तीस सेकंद थांबा. कधी कधी दारू उशिरा पेट घेते, आणि तोवर ते काडतूस नळीसमोरून हललेलं असलं तर हत्यार हातातच फुटतं.

.३२च्या पिस्तुलाची आणखी एक खोड आहे. त्याच्या काडतुसाच्या बुडाला बारीक कड असते. मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत, वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात, आणि मॅगझिन काढून सोडवल्याशिवाय सुटत नाहीत. मॅगझिनचे ओठ जरा वाकले किंवा स्प्रिंग थकली तरी हाच ताप. ज्याचा हात रोज चालतो त्याने पिस्तूल खुशाल घ्यावं. वर्षभर कपाटात ठेवून पोळ्याला एकदा पुसणाऱ्याने घेऊ नये.

दुकानात आज दोन-तीन पर्याय दिसतील. कानपूरचं निर्भीक रिव्हॉल्व्हर २०१४ साली आलं. टायटॅनियम मिश्रधातूचं, सुमारे अर्ध्या किलोचं. कमरेला जाणवत नाही, पण हलकं हत्यार हातात जास्त उडतं. कानपूरचंच प्रबल ऑगस्ट २०२३ मध्ये आलं, सुमारे सातशे ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, सिलिंडर बाजूला उघडणारा. मला विचाराल तर प्रबल. ते दोनशे ग्रॅम वजन तुमचा नेम धरून ठेवतं. .२२चं निडर याहून लहान, पण त्या काडतुसाला मधोमध कॅप नसते, मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. अशी काडतुसं न उडण्याचं प्रमाण जास्त. जीव वाचवायला मी ती निवडणार नाही.

हत्यार रिकामं आहे हे स्वतः डोळ्यांनी बघा, मगच हाताळा. घोडा न चढवता नुसता चाप ओढून बघा. मधल्या बोटाची मदत घ्यावी लागली तर ते हत्यार तुमच्या हाताचं नाही, कितीही सुंदर असो. चाप हळूहळू ओढा. घोडा पडण्याआधी सिलिंडर जागेवर घट्ट बसला पाहिजे, बसल्यावर हलता कामा नये. जुन्या बनावटीचं असेल तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवा. तसं हत्यार दगडावर पडलं तर घोड्याला बसलेल्या धक्क्यानेही उडू शकतं.

आता आपल्या खान्देशाचं. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, कमरेला घामाची धार असते. अंगात पातळ सुती शर्ट किंवा सफारी. घाम पोलादाला खातो. रात्री हत्यार कोरड्या कापडाने पुसा, तेलाचा हात अगदी पुसट फिरवा. आणि कळकळीने सांगतो, काडतुसांना तेल लावू नका. पातळ तेल कॅपच्या कडेने आत झिरपतं आणि मसाला मारून टाकतं. बाहेरून काडतूस नव्यासारखं चकाकतं, आत मेलेलं असतं. चामड्याच्या पट्ट्यात खोचूनही वर्षानुवर्षं ठेवू नका. चामडं पितळेवर हिरवट थर चढवतं, मग काडतूस घरात नीट बसत नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात तर मुळीच नको.

बाळगण्याबद्दल २०१६चे शस्त्र नियम स्पष्ट आहेत. सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात हवं. म्हणजे पायजम्याच्या नाडीत खोचणं नाही, मोटारसायकलच्या डिक्कीत टाकणंही नाही. चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर आणि जाड, ताठ पट्टा घ्या. लोक हत्यारावर लाखभर घालतात आणि पट्ट्यावर दोनशे. तिथेच वजन लोंबतं आणि शर्टाखालून सगळ्या बाजाराला दिसतं. लग्नात, वरातीत उडवायचं तर मनातही आणू नका. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतात. वर गेलेली गोळी कुणाच्या तरी अंगणात खाली येतेच.

काही जण दबक्या आवाजात सातपुड्याकडून येणाऱ्या गावठी कट्ट्याचं विचारतात. कारखान्यातलं हत्यार विकण्याआधी जादा दाबाच्या काडतुसाने उडवून तपासलेलं असतं. कट्ट्याची नळी तसल्या परीक्षेतून गेलेली नसते, ती समोरच्यावर फुटेल की तुमच्या तोंडावर, हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पकडलं गेलं तर किमान दोन वर्षं तुरुंग. कुणाचं पोर या वाटेला लागलं असेल तर त्याला बसवून समजवा, मला बोलवा, मी येईन.

घरी हत्यार कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली तुमच्या जवळ. नातवंडांना जागा माहीत नाही असं समजू नका, त्यांना घरातली प्रत्येक जागा माहीत असते.

काडतुसं दर पावसाळा संपला की बदला. कोटा परवान्यावर लिहिलेला असतो, म्हणून आधीच ठरवून ठेवा: जुनी रेंजवर सरावात संपवायची, नवी कमरेला. घेताना पेटीवरचं उत्पादनाचं वर्ष वाचा. एकाच लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेली घ्या, प्रत्येक काडतूस उलटं धरून कॅप खोलगट बसली आहे ना ते पाहा, आणि ज्या लॉटची मूठभर सरावात बिनचूक उडाली, त्याच लॉटची सहा कमरेला ठेवा.