परतीचा वारा

"जातना धा तास नि येतना नऊच? वाट तीच मगे?" मालवणच्या किनाऱ्यावर जाळं सांधता सांधता तात्यांनी विचारलं. त्यांच्या लेकीचं लंडन-मुंबईचं जाण्यायेण्याचं तिकीट मी वाचून दाखवत होतो.

अंतर तेच, सुमारे ७,२०० किलोमीटर. पण दहा-अकरा किलोमीटर उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. लंडनला जाताना ते समोरून, येताना पाठीवर. एवढं सांगितलं आणि तात्यांची सुई थांबली.

"वारो पाठसून इलो काय होडी पण तशीच येता."

सगळं आयुष्य दर्यावर काढलेला माणूस!

मग हलकेच म्हणाले, "म्हणजे घराक येतना वारो आपलो."

तेव्हापासून तेच मनात घोळतंय. लेक डिसेंबरात येतेय. थंडीत हे वारे आणखी जोर धरतात, उद्या सकाळीच जाऊन सांगायचंय त्यांना.