खोडलेला शब्द

२०२३ च्या हिवाळ्यात मराठवाड्यातल्या मोडी वाचणाऱ्यांना जेवायलाही सवड नव्हती. निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं होतं आणि माझ्याकडेही लोक कापडात बांधलेली बाडं घेऊन सकाळी सातपासून बसलेले असायचे. त्या गर्दीत एक काका आले. एस.टी.तून निवृत्त झालेले, सोबत लेक. त्यांचं काम कुणबी नोंदीचं नव्हतं.

"मॅडम, आमचे पणजोबा बेथेलला वडील होते," ते म्हणाले.

पणजोबा वडील कसे, हे मला क्षणभर कळेना. मग पिशवीतून निघालेल्या वहीवर क्रूस दिसला आणि उलगडा झाला. प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती मंडळी आपल्यातल्या जाणत्या माणसांना निवडून कारभार सोपवते, त्यांना वडील म्हणतात. उपदेश पाळकाचा, बाकी भांडण, लग्न, धान्य, कुणाला प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीतल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीला, घ्यायचं नि कुणाला थांबवायचं, हे वडिलांनी पाळकासोबत बसून ठरवायचं.

बेथेल जालन्याजवळ. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेले ब्राह्मण. स्कॉटिश मिशनचं काम करायला ते जालन्याला आले आणि सालारजंग दिवाण असताना निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी हे गाव वसवलं. राहायला आले ते बहुतेक मांग आणि महार समाजातले. गावकुसाबाहेर जन्म गेलेल्या माणसांना स्वतःची विहीर, स्वतःचं शेत आणि मधोमध देऊळ. ख्रिस्ती लोक चर्चला देऊळ म्हणतात, मला तो शब्द फार आवडतो.

लेकीला ओबीसीचा दाखला हवा होता. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात ती सवलत आहे, पण मूळ जात कोणती होती याचा पुरावा लागतो. "पणजोबांनी सगळं लिहून ठेवलंय म्हणतात," ती म्हणाली. "जात असेलच कुठेतरी."

मी भिंग घेऊन बसले. हिशेब, तंटे, पाऊसपाणी सगळं मोडीत. बायबलातली वचनं मात्र बालबोधीत, म्हणजे आपल्या रोजच्या देवनागरीत, एकेक अक्षर सुटं, छापल्यासारखं. ती त्यांनी छापील पुस्तकातूनच गिरवली असणार. मोडीचा हात सराईत होता. आधी पानभर रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवत जायची, बोरू कमीत कमी वेळा उचलायचा. ज्याच्या बापाला शाळेच्या ओट्यावरही चढू दिलं नसतं त्याचा हा हात, हे मनात आलं आणि वाचायला जरा वेळ लागला.

पहिली पानं वस्ती बसवण्याची. बाभळी तोडल्या. तीन घरांत एक बैलजोडी, कुणाकडे कोणत्या वारी. ज्वारीचं बी उसनं, दिवाळीनंतर सवाईने परत. विहिरीचं खोदकाम तर रोज लिहिलेलं: १४ हात, कोरडी. १७ हात, काळा पाषाण, दोन पहारी मोडल्या. १९ हात, पाणी. त्या दिवशी पानावर पुढे काहीच नाही.

मग मंडळीचा कारभार. एकजण दारू पिऊन आला, तीन महिने प्रभुभोजन बंद. एका विधवेला दर महिन्याला दोन पायल्या, "कोणास सांगू नये". मध्येच: "माझी लेक, वय ४, तापाने गेली. रविवारी वाचन दुसऱ्याने केले." खाली लगेच कडब्याचा हिशेब.

एका पानावर मी थांबले. आधीच्या पाच घरांनी नव्या चार घरांच्या घागरी विहिरीत सोडायला हरकत घेतली. हरकत कसली, ते लिहिलेलं नाही, मला समजलं. मांग आणि महार एकमेकांच्या हातचं पाणी घेत नसत, पाणवठेही वेगळे. ती ओळख मागे ठेवून आलेली माणसं नव्या विहिरीवर येऊन तिथेच अडली होती. वडिलांनी लिहिलंय: "उपासनेपूर्वी सर्वांस विहिरीवर बोलाविले. नव्या घरच्या घागरीतून मी प्रथम प्यालो. नंतर माझ्या बायकोने. मग वाट पाहिली." दुपारपर्यंत सगळी घरं प्याली. उपासना त्या दिवशी उन्हं कलल्यावर झाली.

दीडशे पानं संपली. जात कुठेही नव्हती. नावं होती, बापांची नावं होती, बाप्तिस्म्याच्या तारखा होत्या. मी तसं सांगितलं. लेकीचा चेहरा उतरला. काका काही बोलले नाहीत.

वही मिटताना पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूने घडी घातलेला कागद निसटला. बैल घेतल्याची पावती, जालन्याच्या बाजारातली. हात दुसऱ्याच कुणाचा. अमुक बिन अमुक, जात, आणि तिथे जाड रेघ. रेघेपुढे "राहणार मौजे बेथेल".

कागद खिडकीशी धरला. पावती लिहिणाऱ्याने काजळीची देशी शाई वापरली होती. ती विटत नाही, शंभर वर्षांनीही कोळशासारखी राहते. खोडणाऱ्याची शाई विलायती, लोखंडाच्या क्षाराची. लिहिल्यावर काळीभोर होते, पण वर्षं जातील तशी तपकिरी पडत जाते. वहीभर तीच शाई होती. खोडलं त्या दिवशी खालचा शब्द पुरता झाकला गेला असेल. आता रेघ गूळपाण्यासारखी फिकी झाली होती आणि तिच्याखाली तो शब्द स्वच्छ वाचता येत होता. इथे मी तो लिहीत नाही.

मी दोघांना भिंगातून दाखवला. लेक पटकन म्हणाली, "म्हणजे पुरावा मिळाला!" आणि मग गप्प झाली. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "त्यांनीच खोडलंय ना?"

शाई वहीतलीच दिसते, मी म्हटलं. कागद ग्राह्य धरायचा की नाही ते जात पडताळणी समिती ठरवेल, मी जे दिसतं तेवढंच लिहिणार.

"मॅडम," काका म्हणाले, "शब्द लिहा, पोरीला लागतो. पण खोडलाय हेही लिहा."

मी लिप्यंतरात दोन्ही लिहिलं: येथे एक शब्द वेगळ्या शाईने खोडलेला, खोड वहीच्या मजकुराच्या शाईशी जुळते, खोडीखालील वाचन अमुक. सही केली. इतकी वर्षं मोडी वाचते आहे, पण खोडीचं वर्णन इतकं जपून कधी केलं नव्हतं.

लेकीने पावती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली. काकांनी वही पुन्हा कापडात बांधायला घेतली, मग थांबून म्हणाले, "ते विहिरीचं पान आमच्या लिपीत करून द्याल का? येत्या रविवारी देवळात वाचतो."

बाहेर अजून अकरा जण बसले होते. मी त्यांना थांबायला सांगितलं आणि ते पान तेवढ्यातच लिहून दिलं.