रहाटावरचे विमान

विमानाचे फ्यूजलाज, म्हणजे धड, पहिल्यांदा पूर्ण उलटे केले तेव्हा खाली घरातली पितळी परात ठेवली होती. परातीत रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांच्या, तुटक्या काड्या पडल्या, दोन वॉशर पडले, मोडलेल्या ड्रिल बिटचे टोक पडले आणि मूठभर अ‍ॅल्युमिनियमचा कीस. आदल्या संध्याकाळी मी आतून व्हॅक्यूम मारला होता, टॉर्च लावून कोपरान्‌कोपरा पाहिला होता आणि सगळे स्वच्छ आहे असे वहीत लिहूनही ठेवले होते. ते पान मी फाडले नाही. त्याच्याच खाली परातीत काय काय सापडले ते लिहिले.

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचा कारागीर होतो. विमानात राहून गेलेला एक नट कंट्रोलच्या पुलीत अडकला तर काय होते, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. निवृत्तीनंतर आर्वी तालुक्यातल्या गावी परतलो आणि कापसाच्या रिकाम्या गोदामात दोन माणसांचे धातूचे विमान बांधायला घेतले. डिझाइन क्रिस हाइन्ट्झ यांचे, झेनिथ सीएच ७०१. अ‍ॅल्युमिनियमचा पातळ ६०६१-टी६ पत्रा आणि ओढून बसवायचे रिव्हेट, म्हणजे एकट्या माणसाला जमेल असे काम. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ मध्ये मुंबईच्या मेक इन इंडिया सप्ताहात लोकांसमोर आले, तेव्हापासून हे माझ्या डोक्यात होते. परवानग्यांचा प्रवास हा वेगळाच विषय आहे, त्यावर सवडीने लिहीन.

पहिले काही महिने फ्यूजलाज लाकडी घोड्यांवर होते. पोटाच्या बाजूचे काम पाठीवर झोपून करायचो. ड्रिलचा कीस चष्म्याच्या कडेने डोळ्यात जायचा, हात भरून यायचे आणि थकलेल्या हाताचे भोक तिरपे जायचे. भोक तिरपे गेले की रिव्हेटचे डोके पत्र्याला टेकत नाही. अशी अकरा भोके एका आठवड्यात झाली तेव्हा काम थांबवले आणि फिरते स्टँड करायचे ठरवले. गावात त्याला पुढे सगळे रहाटच म्हणू लागले.

रचना साधी आहे. दोन खांब, एक पुढे आणि एक शेपटीकडे. दोन्हींच्या माथ्यावर बेअरिंग. आर्वीत थ्रेशरच्या सुट्या भागांच्या दुकानात यूसीपी २०८ नंबराचे मिळाले. या बेअरिंगच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे पाचने गुणले की शाफ्टचा व्यास निघतो, म्हणजे इथे ४० मिमी. भार त्या मानाने काहीच नाही, पण जाड शाफ्ट झोल खात नाही. पुढची प्लेट इंजिन माउंटच्या बोल्टांच्या जागी घट्ट केली, कारण तिथे सांगाडा मुळातच भार घ्यायला केलेला असतो. मागची प्लेट शेवटच्या बल्कहेडला, म्हणजे धडातल्या आडव्या पडद्याला. पत्र्याला कुठेही क्लॅम्प लावला नाही. पुढच्या शाफ्टवर जाड चकती आणि तिला दर ४५ अंशांवर भोक, त्यात खिट्टी घातली की फ्यूजलाज त्या कोनात थांबते.

पहिली चूक आसाची. मी आस फायरवॉलच्या, म्हणजे इंजिनामागच्या पडद्याच्या, बरोबर मध्यातून घेतला होता. वजनाचा मध्य त्याच्या वर निघाला. खिट्टी काढली आणि फ्यूजलाज गपकन फिरले. वेल्डर मागे उडी मारून ओरडला, “भाऊ, हे त आपल्या मनानंच पलटून राह्यलं!” कोणाला लागले नाही, पण लागू शकले असते. हिशेब करून पाहा: सांगाडा ५० किलोचा धरला आणि आस ४ सेंटिमीटरने चुकला, तर मध्यापासून अर्ध्या मीटरवर हात लावून तो धरायला ४ किलोचा जोर लागतो. ते जमते. पण बेसावध असताना तीच कड माणसाच्या गुडघ्यावर येते. मग दोन्ही प्लेटांतली भोके कापून उभ्या खाचा केल्या. थोडे वर, थोडे खाली करत शेवटी अशी जागा सापडली की खिट्टीशिवाय कुठल्याही कोनात सोडले तरी ते तिथेच राहायचे. रडर पेडल आणि कंट्रोल स्टिक बसल्यावर मध्य पुन्हा सरकला. खाचा होत्या म्हणून अर्ध्या तासात जुळवून घेतले.

दुसरी चूक कळायला मे महिना यावा लागला. सकाळी पाचला काम सुरू करायचो तेव्हा पत्रा गुळगुळीत असायचा. एका दुपारी टिनाखाली पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला आणि बाजूच्या पत्र्यातून टण् असा आवाज आला. वेल्डरने बोट दाखवले. “हे पोट कायले सुटलं? सकाळी त नव्हतं.” खरेच दोन लाँजेरॉनच्या, म्हणजे धडाच्या लांबीने जाणाऱ्या पट्ट्यांच्या, मध्ये पत्रा फुगला होता. मला वाटले रिव्हेट चुकले. सगळी ओळ तपासली, पण तिच्यात काही दोष नव्हता.

संध्याकाळी फुगवटा गेला तेव्हा कारण समजले. अ‍ॅल्युमिनियम दर मीटरला, दर अंशाला सुमारे ०.०२३ मिमी वाढते. खांबांमधले अंतर ४ मीटर आणि सकाळ-दुपारचा फरक १७ अंश, म्हणजे दीड मिलिमीटरची वाढ. खांब फरशीत अँकर बोल्टने रोवलेले, त्या फरशीला ऊन लागत नाही, आणि दोन्ही बेअरिंगचे शाफ्ट पकडणारे ग्रब स्क्रू मी आवळून ठेवलेले. वाढायला वाव नाही म्हणून पत्रा बाहेर आला. मागच्या बेअरिंगचे स्क्रू सैल केले, शाफ्टला तेल लावले आणि शाफ्ट निसटू नये म्हणून टोकाला एक सेंटिमीटर सोडून कॉलर, म्हणजे अडवणारे कडे, बसवला. त्या उन्हाळ्यात पोट पुन्हा सुटले नाही. आपल्याकडे हे काम करणाऱ्याने मागचे टोक पहिल्या दिवसापासून मोकळे ठेवावे.

कोनाची खिट्टीही फक्त पुढे. मागेही अडकवली आणि दोन्हींत अर्ध्या अंशाचा फरक राहिला तर सांगाडा पिळतो. झाकण उघडे असलेले पुठ्ठ्याचे खोके हाताने पिळता येते, झाकण चिकटवले की येत नाही. फ्यूजलाजचे तसेच आहे. पीळ असताना शेवटचा पत्रा रिव्हेट झाला तर तो पीळ कायमचा आत बंद होतो आणि शेपूट जन्मभर वाकडे राहते. म्हणून वरचा पत्रा मी रहाटावर मारलाच नाही. फ्यूजलाज घोड्यांवर उतरवले, गवंड्याची पाण्याची नळी घेतली, पुढची आणि मागची आडवी रेघ लेव्हलमध्ये आणली, ओळंब्याने पुन्हा ताडून पाहिली आणि मगच रिव्हेट ओढले. मग परत रहाटावर.

बाकी सगळ्याला त्याने हात दिला. पोटाची भोके कमरेच्या उंचीवर आली. भोकांच्या कडेची बर (धारदार कीस) काढणे, प्रायमर मारणे, ब्रेकची नळी आणि केबल ओवणे, सगळे उभ्याने किंवा स्टुलावर बसून झाले. प्रत्येक रिव्हेटची मागची बाजू डोळ्यांसमोर आणून पाहता आली. पूर्वी तिथे फक्त बोट फिरवायचो.

लँडिंग गिअर लावायच्या आदल्या दिवशी फ्यूजलाज शेवटचे फिरवले. खाली परात ठेवली, उलटे केले आणि रबरी हातोडीने बल्कहेडपाशी ठोकत गेलो. एक काडी पडली. पुन्हा एक फेरी, पुन्हा ठोकले, अजून एक काडी. तिसऱ्या फेरीत परात रिकामी राहिली, चौथ्याही. मग शेजारच्या पोरांना हाक मारली आणि चौघांनी मिळून फ्यूजलाज खाली उतरवले.